साखळीवर चालणाऱ्या जुन्या उत्खनन यंत्रांतील चालन-यंत्रणेचे दोषनिदान : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक जडणघडणीत पिंपरी-चिंचवड परिसराचे स्थान महत्त्वाचे आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत हा पट्टा भोसरी, आकुर्डी, तळवडे असा सरकत चाकण, महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे या गावांपर्यंत पोहोचला. या विस्ताराचा विचार करताना मोटारींचे कारखाने प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु कारखाना उभा राहण्यापूर्वी माळरान सपाट करणारे, काळा पाषाण फोडणारे आणि पायाचे खड्डे घेणारे यंत्र अभ्यासाच्या कक्षेत क्वचितच येते. ते यंत्र म्हणजे साखळीवर चालणारे उत्खनन यंत्र होय.

महाराष्ट्रात या यंत्राला सर्रास ‘पोकलेन’ म्हटले जाते. हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव आहे. तिच्या तांत्रिक सहकार्याने लार्सन अँड टुब्रोने भारतात अशी यंत्रे तयार केली आणि कंपनीचे नाव पुढे यंत्राचेच नाव होऊन बसले. या शतकाच्या पहिल्या दशकात तळेगाव येथे जेसीबीचा आणि चाकण येथे ह्युंदाईचा बांधकाम-यंत्रांचा कारखाना सुरू झाला. त्यामुळे या परिसरात नवी यंत्रे जन्मास येतात आणि जुनी यंत्रेही त्याच रस्त्यांवर राबतात.

जुन्या यंत्राचा मालक बहुधा लहान व्यावसायिक असतो. त्याच्याकडे एक किंवा दोन यंत्रे असतात. ती अनेकदा दुसऱ्या वा तिसऱ्या हातची असतात, त्यावर कर्जाचा हप्ता चालू असतो आणि उत्पन्न ताशी भाड्यावर अवलंबून असते. यंत्रासोबत आलेली दुरुस्ती-पुस्तिका केव्हाच हरवलेली असते. अशा यंत्राची एक साखळी ओढेनाशी झाली की ‘मोटर गेली’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. महागडी मोटर बदलली जाते आणि दोष मात्र तसाच राहतो. चुकीच्या निदानाची किंमत अशा कुटुंबाला कित्येक महिन्यांच्या कमाईने मोजावी लागते. प्रस्तुत लेखात चालन-यंत्रणेचे कार्य स्पष्ट करून, पुस्तिका हाती नसतानाही पद्धतशीर निदान कसे करता येते, याचे विवेचन केले आहे.

साखळीचे कार्यतत्त्व

चाकाऐवजी साखळी वापरण्यामागील हेतू भार पसरविणे हा आहे. सुमारे २० टन वजनाच्या उत्खनन यंत्राचे उदाहरण घेता येईल. त्याच्या प्रत्येक साखळीची जमिनीला टेकणारी लांबी सुमारे ३.७ मीटर आणि रुंदी ०.६ मीटर धरल्यास दोन्ही साखळ्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ४.४ चौरस मीटर होते. म्हणजे जमिनीवरील दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून कमी पडतो. चालताना एका पावलावर तोललेल्या माणसाच्या दाबाशी तो जवळपास तुलना करण्याजोगा आहे. म्हणूनच पावसाळ्यात ट्रक रुतून बसतो त्या चिखलातून पोकलेन बाहेर निघते.

या कल्पनेच्या प्रारंभिक यशाचा संबंध बर्फाशी आहे, ही बाब लक्षणीय आहे. अमेरिकेतील मेन राज्यात अल्विन लोम्बार्ड यांनी बर्फावरून लाकडाचे ओंडके ओढून नेणाऱ्या, साखळीवर चालणाऱ्या वाफेच्या यंत्राचे पेटंट १९०१ मध्ये मिळविले. १९०४ मध्ये कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्ट यांनी मऊ शेतजमिनीसाठी साखळीच्या ट्रॅक्टरची चाचणी घेतली. जमीन बर्फाची असो, दलदलीची असो वा चाकणच्या मुरमाची असो, मूलतत्त्व एकच राहते.

शक्तीचा प्रवास

निदान करण्यापूर्वी शक्ती कोणत्या मार्गाने साखळीपर्यंत पोहोचते हे समजून घेणे आवश्यक आहे. डिझेल इंजिन दोन मुख्य हायड्रॉलिक पंप फिरविते. पंपांतून निघालेले उच्च दाबाचे तेल कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये येते. या वर्गातील अनेक यंत्रांत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५० किलोपर्यंत जातो. चालकाने तरफ अथवा पेडल दाबले की स्वतंत्र लहान पंपाचे कमी दाबाचे पायलट तेल व्हॉल्व्हमधील स्पूल सरकविते आणि मुख्य तेलाला वाट मिळते.

पुढील टप्पा सेंटर जॉइंटचा आहे. यंत्राचा वरचा भाग पूर्ण वर्तुळात फिरतो, तर साखळ्या खालच्या सांगाड्यावर असतात. फिरत्या भागातून स्थिर भागाकडे तेल नेण्याचे काम हा जॉइंट करतो. त्यातील निरनिराळे तेलमार्ग केवळ सीलच्या कड्यांनी एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात. जॉइंटमधून तेल ट्रॅव्हल मोटरकडे जाते. मोटरची वेगवान गती फायनल ड्राइव्हमधील ग्रहीय दातेरी चक्रे कमी करतात व तिचे रूपांतर मोठ्या पीळबलात होते. शेवटी स्प्रॉकेट हे दातेरी चाक साखळी ओढते. पुढील टोकास आयडलर, खाली व वर रोलर आणि साखळी ताणून धरणारा ग्रीसचा सिलिंडर अशी उर्वरित रचना असते.

या लांब मार्गावर कोठेही बिघाड झाला तरी त्याचे लक्षण शेवटच्या टोकाला, म्हणजे साखळीवरच दिसते. दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो, हे गृहीतक म्हणूनच धोक्याचे ठरते.

निदानाचे मूलतत्त्व : दोन सारख्या बाजू

साखळीच्या यंत्राला डावी व उजवी अशा दोन स्वतंत्र आणि जवळजवळ एकसारख्या चालन-यंत्रणा असतात. दोन्हींचे वय सारखे, तेल एकच आणि काम केलेले तासही तेवढेच असतात. त्यामुळे आजारी बाजूची तुलना निरोगी बाजूशी करता येते. हरवलेल्या पुस्तिकेतील आकडे ठाऊक नसले, तरी यंत्राची दुसरी बाजू त्या आकड्यांची जागा बऱ्याच अंशी भरून काढते. पुढील सर्व चाचण्या या एकाच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. डावी व उजवी बाजू नेहमी स्प्रॉकेट मागे ठेवून ठरवावी. वरचा भाग उलट दिशेला फिरलेला असेल, तर चालकाची डावी बाजू ही सांगाड्याची उजवी बाजू होते आणि तरफांची दिशाही उलटते. ही साधी गोष्ट न पाहिल्याने चांगली बाजू उघडली जाण्याचा संभव असतो.

बाह्य तपासणी

सर्वांत स्वस्त तपासणी प्रथम करावी. साखळीचा ताण दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हे पाहावे. अधिक ताणलेली साखळी शक्ती खाते आणि यंत्र त्या बाजूला ओढले जाते. पावसाळ्यात चिखल व मुरूम स्प्रॉकेटच्या दातांत घट्ट बसतो. त्यामुळे सकाळी योग्य असलेला ताण दुपारपर्यंत वाढलेला असू शकतो. म्हणून तपासणीपूर्वी सांगाडा धुऊन घेणे हे निदानाचेच पहिले पाऊल समजावे.

त्यानंतर रोलर फिरतात की घासत जातात, हे पाहावे. एका बाजूने सपाट झालेला रोलर जाम झाल्याची साक्ष देतो. साखळीची झीज मोजण्यासाठी ती ताणलेल्या अवस्थेत सलग चार कड्यांचे अंतर घेऊन त्यास चाराने भागावे व दोन्ही बाजूंची तुलना करावी. पिन आणि बुश झिजल्याने प्रत्येक कडीमागे केवळ ३ मिलिमीटर वाढ झाली, तरी ४७ कड्यांची साखळी १४ सेंटिमीटरने लांब होते. अशी साखळी स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसत नाही, दातांना आकड्यासारखा आकार येतो आणि वळताना ‘कट-कट’ असा आवाज येतो. हा आवाज पुष्कळदा फायनल ड्राइव्हचा समजला जातो. झिजलेल्या साखळीवर नवे स्प्रॉकेट बसविणेही फसवे असते, कारण जुनी साखळी नव्या दातांना लवकरच आपल्यासारखे करून सोडते.

कार्यचाचण्या

बाह्य तपासणीत दोष न सापडल्यास तेल कामाच्या तापमानाला आणून पुढील चाचण्या कराव्यात.

पहिली चाचणी सरळ चालीची आहे. सपाट जागेवर २० मीटरची सरळ रेषा आखून दोन्ही तरफा पूर्ण दाबून यंत्र चालवावे व ते रेषेपासून किती ढळते हे मोजावे. साधारण २० सेंटिमीटरपर्यंतचे ढळणे बहुधा चिंतेचे मानले जात नाही. हीच चाचणी मागच्या दिशेनेही करावी. दोन्ही दिशांना यंत्र एकाच बाजूकडे ओढत असेल, तर पंप, मोटर, ब्रेक अथवा साखळी यांचा संशय घ्यावा. दोष एकाच दिशेत दिसत असेल, तर पंप आणि मोटरचा मुख्य भाग बहुधा निर्दोष असतो, कारण तेच भाग दोन्ही दिशांना काम करतात. अशा वेळी त्या दिशेची पायलट वाहिनी, स्पूल किंवा मोटरवरील त्या दिशेचा व्हॉल्व्ह तपासावा.

दुसरी चाचणी मोकळ्या साखळीची आहे. बूम व बकेटच्या आधाराने एक बाजू उचलून साखळीवर खडूने खूण करावी आणि तीन पूर्ण फेऱ्यांना लागणारा वेळ मोजावा. नंतर दुसऱ्या बाजूची तशीच नोंद घ्यावी. वेगाच्या बटणावरील कासव व ससा या दोन्ही खुणांवर ही चाचणी करावी. यंत्र फक्त सशाच्या वेगात ढळत असेल, तर एका मोटरचा वेग बदलत नाही असे समजावे. अशा वेळी पूर्ण मोटर उतरविण्याचे कारण नसते. मोकळी साखळी दोन्हीकडे सारखी फिरते, पण भार येताच एक बाजू थांबते, असे आढळल्यास अंतर्गत गळतीचा संशय बळावतो. तेल गरम झाल्यावर दोष वाढत असेल तर हा संशय आणखी दृढ होतो, कारण पातळ झालेले तेल झिजलेल्या फटींतून सहज निसटते.

तिसरी चाचणी इतर हालचालींची आहे. दोन पंपांच्या अनेक यंत्रांत एक पंप एका साखळीसह बूम व बकेटला, तर दुसरा पंप दुसऱ्या साखळीसह आर्म व वरच्या भागाच्या फिरण्याला तेल पुरवितो. ही वाटणी निर्मात्यानुसार बदलते. एका साखळीसोबत तिच्याच पंपावरील अन्य हालचालीही मंदावल्या असतील, तर दोष पंपाकडे आहे. केवळ साखळीच मंद असेल, तर दोष व्हॉल्व्हच्या त्या भागात किंवा त्याच्या पुढे आहे. सरळ चालणारे यंत्र बूम उचलताच वळू लागत असेल, तर सरळ चाल राखणारा स्वतंत्र व्हॉल्व्ह तपासावा.

अदलाबदलीची पद्धत

येथवर दोषाची बाजू व स्वरूप कळते. स्थान निश्चित करण्यासाठी अदलाबदलीची पद्धत उपयुक्त ठरते. शक्तीच्या मार्गावर मध्येच एके ठिकाणी डाव्या व उजव्या बाजूंचे होज पाइप परस्परांत बदलावेत आणि पुन्हा चाचणी घ्यावी. दोष दुसऱ्या बाजूला गेला, तर तो बदललेल्या जागेच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या दिशेला आहे. दोष जागीच राहिला, तर तो पुढे, म्हणजे साखळीच्या दिशेला आहे.

सेंटर जॉइंट व मोटर यांमधील पाइप प्रथम बदलणे श्रेयस्कर ठरते. दोष जागीच राहिल्यास मोटर, ब्रेक अथवा फायनल ड्राइव्ह हेच उरतात. दोष हलल्यास मोटरला हात लावण्याची गरज नसते. त्यानंतर जॉइंटच्या वरच्या बाजूचे, आणि आवश्यक असल्यास पंपाच्या तोंडाचे पाइप बदलून जॉइंट, व्हॉल्व्ह व पंप यांपैकी दोषी कोण हे ठरविता येते. प्रत्येक टप्प्यावर संशयाचे क्षेत्र जवळजवळ निम्मे होते. यासाठी लागतात पाने, स्वच्छ टोपणे आणि काही तास. चुकीने खरेदी केलेल्या मोटरच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

पाइप बदलल्यानंतर तरफा उलट्या बाजूंवर चालतात, हे चालकास आधी सांगणे अनिवार्य आहे. चाचणीच्या वेळी यंत्राभोवती कोणीही उभे राहू नये.

वारंवार फुटणारे सील : एक बोधप्रद दोष

स्प्रॉकेटच्या मागून तेल गळू लागणे ही जुन्या यंत्रांची नेहमीची तक्रार आहे. सील बदलले जाते आणि काही दिवसांतच गळती पुन्हा सुरू होते. मग सील निकृष्ट होते, असा निष्कर्ष काढला जातो. येथे गळणारे तेल कोणते आहे हे पाहणे निर्णायक ठरते. फायनल ड्राइव्हमधील गिअर ऑइल घट्ट असते, तर हायड्रॉलिक तेल पातळ असते. लेव्हल प्लग सावकाश सैल करताच पातळ तेल जोराने बाहेर आले, तर मोटरच्या आतील सील फुटून हायड्रॉलिक तेल गिअरच्या कोठडीत शिरले आहे, असे समजावे.

हे सील फुटण्याचे कारण पुष्कळदा मोटरमध्ये नसतेच. मोटरमधून झिरपणारे तेल केस ड्रेनच्या बारीक पाइपाने, सेंटर जॉइंटमधून टाकीकडे परतते. हा पाइप दबला वा चोंदला, किंवा जॉइंटमधील झिजलेल्या सीलवरून उच्च दाबाचे तेल या वाहिनीत शिरले, तर मोटरच्या कोठडीतील दाब वाढतो आणि सील फुटते. अनेक रचनांत दोन्ही मोटरींची ड्रेन वाहिनी जॉइंटमध्ये एकच असते. अशा वेळी दाब दोन्हींवर येतो आणि त्यांतील दुर्बल सील प्रथम फुटते. डावे सील फुटले म्हणून डावी मोटर दोषी ठरत नाही. मूळ कारण तसेच ठेवल्यास पुढील पाळी उजव्या बाजूची असते. म्हणून ड्रेन वाहिनीवर कमी दाबाचा गेज लावून खात्री केल्याशिवाय नवे सील बसवू नये.

याच वेळी तेलातील धातूचे कणही पाहावेत. बोटाला लागणारी बारीक करडी पूड ही सामान्य झीज असते. चमकणारे पापुद्रे अथवा तुकडे मात्र दाते किंवा बेअरिंग तुटू लागल्याचे लक्षण असून यंत्र त्वरित थांबविणे इष्ट ठरते.

यांत्रिक चालन-यंत्रणा असलेली यंत्रे

जुने बुलडोझर आणि हिमप्रदेशात वापरली जाणारी जुनी साखळी-वाहने यांत हायड्रॉलिक मोटरऐवजी क्लच, गिअरबॉक्स आणि दोन्ही बाजूंना जाणारे दंड असतात. वळण्यासाठी बुलडोझरमध्ये प्रत्येक बाजूस स्वतंत्र स्टिअरिंग क्लच व ब्रेक असतो, तर अनेक जुन्या हिमवाहनांत नियंत्रित डिफरन्शियल असते. अशा डिफरन्शियलमध्ये एका बाजूचा ब्रेक आवळला की ती बाजू मंदावते व दुसरी वेग घेते.

या यंत्रांतही दोन बाजूंच्या तुलनेचे तत्त्व तितकेच लागू पडते. वाहन भाराखाली एका बाजूला वळत असेल, तर दोन शक्यता संभवतात. त्या बाजूचा ब्रेक घासत असेल, अथवा त्या बाजूचा क्लच घसरत असेल. काही अंतर चालवून दोन्ही ब्रेक-ड्रमचे तापमान पाहिल्यास घासणारा ब्रेक ओळखता येतो. दोन्ही ड्रम सारखेच असतील आणि वळणे केवळ भाराखालीच होत असेल, तर क्लचकडे लक्ष द्यावे. साखळी-वाहनाचे हिमप्रदेशातील अपयश अधिक गंभीर असते, कारण तेथे मदत लवकर पोहोचत नाही.

पद्धतीच्या मर्यादा व सुरक्षितता

दोन्ही बाजू सारख्याच झिजल्या असतील, तर तुलना निरुपयोगी ठरते. यंत्र सरळ चालते, परंतु मंद चालते. अशा वेळी दोन्ही बाजूंना समान असलेल्या घटकांकडे वळावे. बूम, आर्मसह सर्वच हालचाली मंद असल्यास इंजिनाची शक्ती, डिझेल फिल्टर, पायलट दाब व दोन्ही पंप तपासावेत. केवळ चालच मंद असल्यास वेग बदलण्याची सामायिक वाहिनी, सेंटर जॉइंट आणि दोन्ही साखळ्यांचा ताण पाहावा. येथे गेजशिवाय पर्याय नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत साखळी ताणणाऱ्या सिलिंडरचा उल्लेख आवश्यक आहे. त्यातील ग्रीस अतिशय उच्च दाबाखाली असते. ताण कमी करताना त्याचा व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून अधिक सैल करू नये आणि त्याच्या समोर तोंड वा शरीर आणू नये. ग्रीस बाहेर येत नाही म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण काढणे प्राणघातक ठरू शकते. तसेच गळती शोधताना होज पाइपावरून उघडा हात फिरवू नये. सूक्ष्म छिद्रातून निघणारे तेल त्वचेत शिरते व शस्त्रक्रियेची वेळ येते. उचललेल्या साखळीखाली भक्कम आधार दिल्याशिवाय कोणीही जाऊ नये.

निष्कर्ष

साखळीवर चालणाऱ्या जुन्या यंत्राचे दोषनिदान पुस्तिका किंवा महागडी उपकरणे यांच्या अभावी अशक्य होत नाही. स्वस्त तपासणी आधी व महाग दुरुस्ती नंतर, बाहेरून आत आणि दोन बाजूंची सतत तुलना, हा क्रम पाळल्यास बहुतांश दोषांचे स्थान कोणताही मुख्य भाग न उघडता निश्चित करता येते. भोसरी व चाकण परिसरातील अनुभवी मेकॅनिक यांतील बऱ्याच गोष्टी हाताच्या सवयीने करतात, परंतु त्या क्वचितच लिहून ठेवल्या जातात. यंत्र सुस्थितीत असतानाच तीन फेऱ्यांचा वेळ, चार कड्यांचे अंतर आणि वीस मीटरमधील ढळणे यांची नोंद तारखेसह वहीत ठेवल्यास दोन्ही बाजू एकदम झिजल्या, तरी तुलनेला आधार उरतो. ज्या मालकाची पुस्तिका हरवली आहे, त्याला स्वतःच्या यंत्राची पुस्तिका अशा रीतीने पुन्हा तयार करता येईल.